काढलेली गाठ डीएफएसपी निघाली, वय २६. पुन्हा ऑपरेशन करावं की थांबावं?

गोदाकाठ
नमस्कार. धाकट्या भावासाठी विचारते आहे, जाणकारांनी आणि अनुभव असलेल्यांनी कृपया लिहावं.

भाऊ २६ वर्षांचा, पुण्यात नोकरीला. डाव्या खांद्याच्या पुढे, कॉलरबोनच्या खाली त्याला कॉलेजपासून एक कडक चट्टा होता. तांबूस-जांभळट, रुपयाएवढा. दुखत नव्हता, खाजत नव्हता. घरात सगळे मुरुमाचा वण म्हणायचे. मध्ये एका स्किनवाल्यांनी केलॉइड (जाड होऊन वाढलेला वण) सांगून त्यात इंजेक्शनंही दिली, फरक पडला नाही. गेल्या वर्षभरात त्याच चट्ट्यावर दोन गाठी उठल्या आणि लॅपटॉपच्या बॅगेचा पट्टा लागायला लागला, म्हणून सुट्टीत नाशिकला आला तेव्हा एका सर्जनकडून भूल देऊन काढून घेतली. त्यांनी गाठ तपासायला पाठवली.

रिपोर्ट आला: डर्मॅटोफायब्रोसार्कोमा प्रोट्यूबरन्स, थोडक्यात डीएफएसपी. सीडी३४ (गाठ ओळखायची एक चाचणी) पॉझिटिव्ह. खालचं मार्जिन पॉझिटिव्ह, म्हणजे कापलेल्या खालच्या कडेपर्यंत गाठीच्या पेशी आहेत.

एक डॉक्टर म्हणतात, हा हळू वाढणारा प्रकार आहे, लक्ष ठेवू, परत आली तर बघू. दुसरे म्हणतात, लगेच पुन्हा ऑपरेशन करून आजूबाजूचं बरंच काढावं लागेल, मांडीची कातडी लावावी लागेल. आईने रिपोर्टवर 'सार्कोमा' वाचलं तेव्हापासून तिचं जेवणावर लक्ष नाही.

माझे प्रश्न: हा कॅन्सर आहे का? थांबलं तर चालेल का? किमो लागते का? आणि हे ऑपरेशन कुठे करावं?

ऋतुजा_के
ताई, मला हेच झालं होतं, पोटावर. आज ठीक आहे. रात्री सविस्तर लिहिते. आईंना आधी जेवायला घाला.

बापू_वाईकर
माझ्या मेहुण्याच्या पाठीवर अशीच गाठ होती. चरबीची निघाली. तुमच्या भावाचंही फार गंभीर नसेल. आमच्याकडे वाईजवळ एक वैद्य गाठीवर लेप देतात, पुष्कळांची बसली आहे. पुन्हा चिरफाड करण्याआधी एकदा दाखवायला काय हरकत आहे?

स्लाइडमागची
मी पॅथॉलॉजिस्ट आहे. सार्कोमाच्या स्लाइड नेहमी बघते, म्हणून जरा लांबण लावते.

गोदाकाठ, हा कॅन्सर आहे. पण तुमच्या आईंच्या मनात 'कॅन्सर' म्हटल्यावर जे उभं राहिलं असेल, त्यापेक्षा याची चाल फार वेगळी आहे. तो त्वचेच्या डर्मिस या थरात सुरू होतो, वर्षानुवर्षं हळूहळू वाढतो आणि दुसऱ्या अवयवात क्वचितच जातो. सगळे रुग्ण धरले तर असं पसरण्याचं प्रमाण ५ टक्क्यांच्याही खाली आहे. आजार दुर्मिळ आहे. अमेरिकेतल्या नोंदींप्रमाणे दहा लाख लोकांमागे वर्षाला साधारण ४ रुग्ण सापडतात, आणि त्यातले बहुतेक विशी ते पन्नाशीमधले असतात. दारिए आणि फेरां या फ्रेंच डॉक्टरांनी १९२४ साली याचं वर्णन केलं, म्हणजे वैद्यकाला हा आजार शंभर वर्षांपासून माहीत आहे. तरी गावोगावी तो वण, केलॉइड, चरबीची गाठ म्हणूनच राहतो, कारण एखादा डॉक्टर उभ्या आयुष्यात याचे एक-दोनच रुग्ण बघतो.

याचा खरा त्रास म्हणजे तो त्याच जागी परत येतो. वरून दिसणारी गाठ छोटी असते, पण तिचे धागे खालच्या चरबीत लांबवर गेलेले असतात. हरळीसारखं आहे हे. वरचं गवत उपटलं तरी मुळ्या बाजूला पसरलेल्या असतात. दिसलं तेवढंच काढलं तर परत येण्याचं प्रमाण जुन्या अभ्यासांमध्ये निम्म्याच्या आसपास आहे. व्यवस्थित रुंद कापून, कडा स्वच्छ आल्या तर ते खूपच खाली येतं.

आता रिपोर्टबद्दल. त्यात 'फायब्रोसार्कोमॅटस' बदल आहे की नाही, हे लिहिलंय का? नसेल तर विचारून घ्या. दहापैकी एखाद्या रुग्णात गाठीच्या काही भागातल्या पेशी जास्त आक्रमक झालेल्या असतात. तसं असेल तर पसरण्याचा धोका वाढतो आणि छातीचा सीटी स्कॅन करून फुप्फुसं बघावी लागतात. तो बदल नसेल तर पुढचं बरंचसं शस्त्रक्रियेवर निभावतं.

बापू, तुमचा हेतू चांगला आहे हे कळतं. पण गाठ चरबीची होती म्हणून मेहुण्यांना काही झालं नाही, लेपामुळे नव्हे. इथे रिपोर्ट हातात आहे, त्यावर 'खालचं मार्जिन पॉझिटिव्ह' लिहिलं आहे. लेप लावून वाट बघण्यात जे महिने जातील त्यात तेच धागे खाली स्नायूंपर्यंत जाऊ शकतात.

बापू_वाईकर
मान्य डॉक्टर. माहिती नव्हती. पण मग एक सांगा, चरबीची गाठ आणि ही गाठ बाहेरून ओळखायची कशी?

स्लाइडमागची
नुसत्या हाताने खात्री होत नाही, पण संशय यावा अशी लक्षणं आहेत. चरबीची गाठ मऊ असते, कातडीच्या खाली इकडेतिकडे सरकते, वरची कातडी साधी दिसते. डीएफएसपी कातडीतच असते, म्हणून चिमटीत धरली तर कातडीसकट हलते. ती टणक असते, रंग बदललेला असतो, आधी सपाट चट्टा आणि मग त्यावर गाठी असा क्रम असतो. केलॉइड सहसा खाजतो, ठणकतो, इंजेक्शनाने थोडा तरी बसतो. हा बसत नाही आणि वर्षावर्षाने मोठा होतो.

संशय आला की तुकडा तपासायचा, आणि तो खोल घ्यायचा. वरवरचा पापुद्रा किंवा सुईचं पाणी घेतलं तर नेमका महत्त्वाचा भागच हातात येत नाही.

कऱ्हाडचे_डॉक्टर
मी फॅमिली डॉक्टर, तीस वर्षं झाली. पहिल्या डॉक्टरांची बाजूही मांडतो. मुलगा तरुण आहे, जखम नुकती भरते आहे, जागा दिसणारी आहे, आजार हळू चालणारा आहे. एमआरआय करून, सहा-सहा महिन्यांनी बघत राहणं हा अगदी वेडगळ सल्ला नाही. प्रत्येक पॉझिटिव्ह मार्जिनमधून गाठ परत येतेच असं नाही. मोठ्या ऑपरेशनने खांद्याची हालचाल कमी झाली तर त्याला ते आयुष्यभर सोसावं लागेल.

सर्जन_सोलापूर
डॉक्टरसाहेब, आदर ठेवून असहमत. मी कॅन्सर सर्जन आहे.

मार्जिन पॉझिटिव्ह असताना थांबलो, तर परत आलेली गाठ पहिल्यासारखी वर बसलेली नसते. जुन्या वणाच्या खाली, कधी स्नायूच्या आवरणात असते, आणि हाताला लागेपर्यंत चांगली वाढलेली असते. मग आज जिथे फक्त कातडी, चरबी आणि आवरण काढून भागेल तिथे उद्या स्नायू काढावा लागतो. खांद्याच्या हालचालीची काळजी असेल तर आत्ताच काढलेलं बरं. शिवाय वारंवार परतणाऱ्या गाठींमध्ये तो आक्रमक बदल व्हायची भीती असते. माझ्याकडे येणारे सगळ्यात कठीण रुग्ण म्हणजे चार ठिकाणी चार वेळा 'छोटंसं' ऑपरेशन झालेले. पहिली पूर्ण शस्त्रक्रिया नीट झाली तर पुढचं सगळं सोपं होतं. आज या मुलाला ती संधी आहे.

दोन-चार आठवडे इकडेतिकडे झाले तर काही बिघडत नाही, हेही सांगतो. जागा नीट निवडायला तेवढा वेळ आहे. घाबरून उद्याच कुठेतरी टेबलवर चढायचं नाही.

साधारण पद्धत अशी: जुन्या वणाच्या चारही बाजूंनी २ ते ३ सेंटीमीटर, काही ठिकाणी ४ पर्यंत, आणि खाली स्नायूवरच्या आवरणासकट काढायचं. महत्त्वाचं म्हणजे कडा स्वच्छ असल्याचा रिपोर्ट येईपर्यंत आजूबाजूची कातडी सोडवून, फिरवून जखम झाकायची घाई करायची नाही. तशी फिरवली आणि नंतर कळलं की एक कड अजून पॉझिटिव्ह आहे, तर ती कड नेमकी कुठे गेली हे शोधणं कठीण होतं. मांडीची पातळ कातडी लावणं किंवा जखम काही दिवस ड्रेसिंगमध्ये उघडी ठेवणं दिसायला बरं नसतं, पण त्यात सुरक्षितता आहे.

कऱ्हाडचे_डॉक्टर
कातडी न फिरवण्याचा मुद्दा मला नवीन आहे. पटला. माझ्याकडे अशी शंका आली तर आता थेट वर पाठवेन.

पुणेरी_पाटी
धागा वाचून बायकोने माझ्या पाठीची टॉर्च घेऊन तपासणी केली. एक चामखीळ, दोन तीळ आणि तिला आठवत नसलेला एक लहानपणचा वण सापडला. तपासणी दर महिन्याला होईल असं जाहीर झालं आहे.

ऋतुजा_के
पुणेरी, वहिनींना सांगा, तपासणी चालू ठेवा. माझी गाठ माझ्या नवऱ्यानेच आधी पाहिली होती.

आता माझा अनुभव. बेंबीच्या उजवीकडे चट्टा होता. गरोदरपणात तो भराभर वाढला. सगळे म्हणाले पोट ताणलं जातंय म्हणून. बाळंतपणानंतर एका ठिकाणी 'चरबीची गाठ' म्हणून काढली आणि तपासायला पाठवलीच नाही. दीड वर्षात त्याच टाक्यांच्या रेषेत तीन गाठी. तेव्हा कुठे तुकडा तपासला आणि नाव कळलं. मी इथे ठळक लिहिते: शरीरातून काढलेली कुठलीही गाठ तपासायला गेलीच पाहिजे. डॉक्टर म्हणाले 'काही नाही, साधी आहे' तरी बरणी हातात घ्या आणि लॅबला द्या. गोदाकाठताई, तुमच्या नाशिकच्या सर्जनांनी ती पाठवली, त्यांचे आभार माना.

दुसरं ऑपरेशन मोठं झालं. स्नायूवरचं आवरण काढलं, जाळी बसवली, वर मांडीची कातडी लावली. खरं सांगायचं तर पोटापेक्षा मांडीच जास्त दुखली. जिथून कातडी काढतात ती जागा सोललेल्या गुडघ्यासारखी चुरचुरते, ते कुणी आधी सांगत नाही. त्यावरचं ड्रेसिंग ओढून काढू देऊ नका, ते आपोआप सुटतं. लावलेली कातडी सुरुवातीला जांभळी आणि खोलगट दिसते, बघून रडू येतं. वर्षभरात रंग बराच जुळतो. खोबरेल तेल आणि उन्हापासून झाकणं, एवढंच केलं.

किमो लागली नाही. केस गेले नाहीत. कॅन्सर म्हटल्यावर सगळे माझ्या डोक्याकडे बघायचे, म्हणून लिहिते आहे.

गोदाकाठ
ऋतुजा, तुमचं आईला वाचून दाखवलं. 'केस गेले नाहीत' ऐकून ती उठली आणि भाकरी टाकायला बसली.

स्लाइडमागची, लॅबला फोन केला. फायब्रोसार्कोमॅटस बदल नाही असं ते म्हणाले, लेखी देतायत. आणखी एक विचारायचं होतं, हे घराण्यात असतं का? मला किंवा माझ्या मुलीला तपासायला हवं का?

स्लाइडमागची
नाही, हे वारशाने येत नाही. १७ आणि २२ क्रमांकाच्या गुणसूत्रांचे तुकडे एका पेशीत आपापसात बदलतात. कोलॅजेन बनवणाऱ्या जनुकाला पीडीजीएफ-बी नावाचं वाढीचं प्रथिन बनवणारं जनुक जोडलं जातं. कोलॅजेनचं जनुक त्वचेत सतत चालू असतं, त्यामुळे ती पेशी वाढीचा संदेश स्वतःच बनवते आणि स्वतःच तो ऐकून वाढत राहते. हा बदल त्या गाठीतच असतो, आईवडिलांकडून आलेला नसतो. तुमच्या मुलीला कसलीही तपासणी नको.

रिपोर्टबद्दल शंका असेल तर हाच बदल 'फिश' नावाच्या चाचणीने गाठीच्या ब्लॉकवर (मेणात जपलेल्या तुकड्यावर) दाखवता येतो. ९० टक्क्यांहून जास्त रुग्णांत तो सापडतो.

माई_डोंबिवली
मी वाचलं होतं की लस टोचलेल्या जागी पण ही गाठ येते. दंडावर बीसीजीचा वण तर आपल्या सगळ्यांनाच आहे. मग आता काय करायचं?

स्लाइडमागची
माई, जुन्या वणात, भाजलेल्या किंवा लस टोचलेल्या जागी ही गाठ निघाल्याची तुरळक उदाहरणं छापून आली आहेत. पण त्याने लसीमुळे झाली हे सिद्ध होत नाही. कोट्यवधी लोकांच्या दंडावर तो वण आहे आणि हा आजार वर्षाला लाखात एकालाही होत नाही. नातवंडांना लस नक्की द्या. एवढंच लक्षात ठेवा की वर्षानुवर्षं गप्प असलेला वण पुन्हा वाढू लागला, कडक झाला किंवा त्यावर गाठ उठली, तर दाखवायचं.

अटलांटाकर
इथे माझ्या रूममेटला कपाळावर झाली होती, वय २९. इथे मोह्स पद्धतीने काढली. थर थर काढतात, प्रत्येक थराची सगळी कड सूक्ष्मदर्शकाखाली बघतात, जिथे पेशी दिसतील तिथेच पुढचा थर. चेहऱ्यावर निरोगी कातडी वाचते. या पद्धतीत परत येण्याचं प्रमाण १-२ टक्के सांगतात. भावाला भारतात ही मिळाली तर उत्तम, नाहीतर इकडे येऊन करता येईल का बघा.

सर्जन_सोलापूर
अटलांटाकर, मोह्स चांगली आहे, विशेषतः चेहऱ्यावर आणि डोक्यावर. पण त्यासाठी अमेरिका गाठायची गरज नाही. मुळात या गाठीच्या पेशी झटपट गोठवून केलेल्या काचेवर ओळखायला अवघड असतात, साध्या निरोगी तंतूंसारख्याच दिसतात. म्हणून बरीच केंद्रं काप नेहमीच्या मेणातल्या पद्धतीने तपासून, दोन-तीन दिवसांनी रिपोर्ट बघून मगच जखम बंद करतात. ते भारतात कुठल्याही चांगल्या कॅन्सर केंद्रात होऊ शकतं. छातीवर, खांद्यावर जागा पुरेशी असते. तिथे रुंद काढणं आणि चारही बाजू आणि तळ नीट तपासणं, यात रुग्णाचं काही कमी पडत नाही. गाठ काढल्यावर सर्जनने दोऱ्याने दिशा दाखवून पाठवली का आणि पॅथॉलॉजिस्टने प्रत्येक कड शाईने रंगवून तपासली का, हे विचारा. ही दोन माणसं एकमेकांशी बोलतात असं ठिकाण निवडा.

अटलांटाकर
हे माहीत नव्हतं, धन्यवाद डॉक्टर.

परळची_मावशी
ठिकाणाबद्दल मी सांगते. मी निवृत्त आहे, बरीच वर्षं परळला रुग्णांना मदत करायला जाते.

टाटा मेमोरियलमध्ये सार्कोमासाठी वेगळी टीम आहे. सर्जन, किमोवाले, शेकवाले (रेडिएशनचे डॉक्टर), पॅथॉलॉजिस्ट एकत्र बसून ठरवतात. फाइल काढताना रुग्णाचं आधारकार्ड, आधीचे सगळे कागद आणि सर्वात महत्त्वाचं म्हणजे नाशिकच्या लॅबमधून ब्लॉक आणि स्लाइड घेऊन या. नुसत्या रिपोर्टवर ते पुढे जात नाहीत, स्लाइड स्वतः पुन्हा बघतात. बरेच लोक रिकाम्या हाताने येतात आणि ब्लॉकसाठी गावी परत पळतात. लॅबला अर्ज दिला की ते देतात, तो तुमचा हक्क आहे. मेणाचा ब्लॉक उन्हात गाडीत ठेवू नका.

सकाळी लवकर या, दिवस जाणार हे धरून चला. राहण्याची सोय नसेल तर दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आणि परळला नाना पालकर स्मृती समिती या दोन ठिकाणी विचारा. केसपेपर दाखवावा लागतो.

मुंबई जमत नसेल तर देशातली अनेक कॅन्सर रुग्णालयं २०१२ पासून नॅशनल कॅन्सर ग्रिडमध्ये एकमेकांना जोडलेली आहेत. जवळच्या केंद्रात दाखवून सल्ला टाटाचा, ऑपरेशन तुमच्याकडे, असंही काही जणांचं झालेलं मी बघितलं आहे. खर्चासाठी महात्मा फुले जन आरोग्य योजना त्या रुग्णालयात लागू आहे का, हे तिथल्या आरोग्यमित्राला दाखल होण्याआधी विचारा. नंतर कागद जुळवताना नातेवाइकांचे हाल होतात.

माई_डोंबिवली
मावशी, तुमचा प्रतिसाद जपून ठेवते आहे.

अमेय_ठाणे
इथे गोळीचा उल्लेख कुणी केला नाही. इमॅटिनिब या आजारावर चालते ना? मग ऑपरेशन कशाला?

सर्जन_सोलापूर
चालते, पण वेगळ्या ठिकाणी. वर सांगितलेला वाढीचा संदेश पेशीवर जिथे ऐकला जातो, तिथे ही गोळी अडथळा आणते. म्हणून ज्यांची गाठ काढताच येत नाही, वारंवार परतली आहे किंवा पसरली आहे, त्यांच्यासाठी अमेरिकेत २००६ मध्ये तिला या आजारासाठी मान्यता मिळाली. सुमारे निम्म्या रुग्णांत गाठ बरीच आक्रसते. कधी कधी मोठी गाठ लहान करून मग ऑपरेशन करायलाही वापरतात. पण ती देण्याआधी गुणसूत्रांचा तो बदल आहे ना, हे तपासायला हवं, कारण तो नसेल तर गोळीचा उपयोग होत नाही. आणि गोळी बंद केल्यावर उरलेल्या पेशी पुन्हा वाढू शकतात. काढता येण्यासारखी गाठ असेल तर काढणं हाच इलाज.

शेकाचं म्हणाल तर कडा पॉझिटिव्ह राहिल्या आणि आणखी कापायला जागाच नाही, अशा वेळी विचार करतात. २६ वर्षांच्या मुलाला ऑपरेशनने भागत असेल तर मी शेक टाळेन.

वकील_तात्या
थोडं विषयांतर, पण या गोळीची गोष्ट प्रत्येक भारतीयाला माहीत असावी. इमॅटिनिबच्या एका स्फटिकरूपाचं पेटंट नोवार्टिस कंपनीने भारतात मागितलं होतं. आपल्या पेटंट कायद्यात ३(डी) हे कलम आहे. जुन्याच औषधाचं नवं रूप जास्त गुणकारी असल्याचं दाखवल्याशिवाय त्याला नवं पेटंट नाही. १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कंपनीचं अपील फेटाळलं. त्या काळी कंपनीच्या गोळीचा महिन्याचा खर्च लाखाच्या वर होता आणि भारतीय कंपन्यांची तीच गोळी दहा हजारांच्या आसपास मिळत होती. तो खटला रक्ताच्या कॅन्सरच्या रुग्णांमुळे गाजला, पण त्याचा फायदा डीएफएसपीच्या रुग्णांनाही झाला. ज्या रुग्णसंघटनेने त्यात बाजू लढवली त्यांचे उपकार आहेत.

ऋतुजा_के
तात्या, माझ्यासोबत वॉर्डात एक काकू होत्या, गाठ छातीच्या पिंजऱ्यात शिरलेली. त्यांना हीच गोळी चालू होती. डोळ्यांभोवती सूज यायची, पायात गोळे यायचे, पण गाठ खरंच कमी झाली होती. तेव्हा हा खटला माहीत असता तर त्यांना सांगितलं असतं.

अक्षता_इस्लामपूर
मी इथे पहिल्यांदाच लिहिते आहे. मला मागच्या वर्षी पाठीवर हीच गाठ झाली होती, ऑपरेशन झालं, कडा स्वच्छ आहेत. आता घरात लग्नाचं चाललंय आणि आई म्हणते कुणाला सांगू नको, पाठीवरचं कुणाला दिसणार आहे. मला लपवायचं नाही. पण 'कॅन्सर' शब्द काढला की स्थळ परत जाणार हेही दिसतंय. आणि वर ऋतुजाताईंनी गरोदरपणाचं लिहिलंय, ते वाचून धास्तीच बसली.

स्लाइडमागची
अक्षता, गरोदरपणात असलेली गाठ वाढल्याच्या नोंदी आहेत. ऋतुजांची गाठ तेव्हा अंगात होतीच. तुझी पूर्ण निघाली आहे. मूल होऊ देऊ नये असं यात काही नाही. फक्त गरोदर राहण्याआधी एकदा तुझ्या सर्जनला जागा दाखव, आणि त्या काळात तपासणीची तारीख चुकवू नकोस. ज्यांना इमॅटिनिब चालू असते त्यांनी मात्र गरोदर राहायचं नसतं, पण तो प्रश्न तुला नाही.

परळची_मावशी
बाळ, लग्नाचं मी सांगते. लपवू नकोस. दर सहा महिन्यांनी तपासणीला जाणार, ती नवऱ्यापासून चोरून जाशील का? रिपोर्ट घेऊन मुलाला सरळ तुझ्या डॉक्टरांसमोर बसव. नातेवाइकांच्या बैठकीत सांगू नको, तिथे एकच शब्द फिरतो. डॉक्टरांच्या तोंडून 'निघाली, परत यायची शक्यता कमी, पसरायची त्याहून कमी' हे मुलाने स्वतः ऐकू दे. माझ्या ओळखीच्या दोन मुलींची लग्नं अशीच जमली. एकीच्या सासूबाई आता तपासणीची तारीख स्वतः कॅलेंडरवर लिहितात.

ऋतुजा_के
अक्षता, मला खाजगी निरोप पाठव. फोनवर बोलू.

मांडवीकिनारी
हांव पणजेचो. म्हणजे मी पणजीचा, मराठीत लिहितो. माझ्या मानेच्या मागे केसांच्या रेषेजवळ तीन-चार वर्षं एक कडक चट्टा आहे, न्हावी दर वेळी विचारतो. आता त्यावर बारीक गाठ आली आहे. चिमटीत धरली तर कातडीसकट हलते. वय ३१. धागा वाचून झोप उडाली आहे.

स्लाइडमागची
झोप उडवून घेऊ नका, अशा दहा चट्ट्यांपैकी बहुतेक साधेच निघतात. डर्मॅटोफायब्रोमा नावाची निरुपद्रवी गाठ अगदी अशीच कडक असते. पण दाखवा मात्र नक्की. बांबोळीला गोवा मेडिकल कॉलेजच्या त्वचा विभागात जा, 'खोल तुकडा घेऊन तपासा' असं स्पष्ट सांगा. पूर्ण गाठ घाईने काढून घेऊ नका. तुकड्यात डीएफएसपी आली तर एकाच वेळी नीट रुंद काढता येते. गोदाकाठच्या भावाला दोनदा टेबलवर जावं लागतंय, ते तुमचं वाचेल.

गोदाकाठ
मंडळी, बरेच दिवसांनी येते आहे. सगळं सांगते.

मावशींनी सांगितल्याप्रमाणे ब्लॉक आणि स्लाइड घेऊन गेलो. तिथल्या पॅथॉलॉजीने पुन्हा तपासून तोच निष्कर्ष दिला, आक्रमक बदल नाही. एमआरआयमध्ये स्नायूत काही दिसलं नाही. टीमने पुन्हा रुंद ऑपरेशन करायचं ठरवलं. खालचं आवरण आणि स्नायूचा अगदी पातळ थर घेतला. जखम लगेच बंद केली नाही, रिपोर्टसाठी थांबले. ते दिवस आईला फार जड गेले, पण सर्जन_सोलापूर यांनी कारण आधीच लिहून ठेवलं होतं म्हणून मी तिला समजावू शकले. सगळ्या कडा स्वच्छ आल्या. काढलेल्या भागात जुन्या वणाच्या कडेला चरबीत थोड्या पेशी होत्या. म्हणजे थांबलो असतो तर त्या आतच राहिल्या असत्या. मग मांडीची कातडी लावली.

शेक नको, गोळी नको असं ठरलं. पहिली तीन वर्षं दर सहा महिन्यांनी तपासणी, नंतर वर्षातून एकदा, पुष्कळ वर्षं. हात वर उचलायचे व्यायाम फिजिओने दिलेत. तो कानापर्यंत हात नेतो, अजून वर नेताना ओढ बसते.

कऱ्हाडच्या डॉक्टरांनी मांडलेली काळजी आम्ही तिथे विचारली होती. खांद्याच्या हालचालीत कायमचा फरक पडू नये असं ते म्हणाले, व्यायाम सोडला नाही तर.

भाऊ विचारतोय, जिम कधी सुरू करता येईल आणि ऋतुजांच्या लावलेल्या कातडीला घाम आल्यावर काही होतं का?

ऋतुजा_के
वा! फार बरं वाटलं!! लावलेल्या कातडीला घाम येत नाही, तिच्या कडेने येतो, आणि ती लवकर कोरडी पडते. अंघोळीनंतर रोज तेल किंवा साधं मॉइश्चरायझर, आणि बॅगचा पट्टा त्या खांद्यावर निदान काही महिने नको. वजनं उचलायचं मात्र त्याच्या फिजिओलाच विचारा, माझं पोट होतं, त्याचा खांदा आहे.

सर्जन_सोलापूर
अभिनंदन. कातडी पूर्ण धरली आहे हे सर्जनने बघून सांगितल्यावर आधी हालचाल, मग हलकी वजनं. छातीचे जड व्यायाम सगळ्यात शेवटी. आणि प्रत्येक तपासणीला त्याने स्वतःही वणाच्या रेषेवरून बोटं फिरवून बघायची सवय ठेवावी. परतणारी गाठ बहुतेक वेळा पहिल्या तीन वर्षांत रुग्णाच्याच हाताला आधी लागते.

मांडवीकिनारी
बांबोळीला तुकडा घेतला आहे, खोल घ्या म्हणून सांगितलं. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, तुम्हाला हे कुणी शिकवलं? रिपोर्ट पुढच्या आठवड्यात. आला की इथेच टाकतो.

स्लाइडमागची
टाका. सीडी३४ केलं का आणि गाठ चरबीत शिरली आहे का, या दोन ओळी आधी वाचा आणि जशाच्या तशा इथे लिहा.